पंचविसावा बिल्ला

मित्रांनो, मी जुना आहे, एवढं नक्की. भरतकाम केलेला कापडी बिल्ला आहे, हेही बहुतेक नक्की. पुढचं सगळं गोंधळाचं आहे, तेव्हा जमेल तसं समजून घ्या.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत क्वी न्योन गावी झाला. समुद्राकाठच्या वाळूत तंबू ठोकून अमेरिकन फौजेचं एक फिरतं इस्पितळ बसलं होतं. त्याच्या फाटकासमोर सुओंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं भरतकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड ताणायचं एक लाकडी कडं आणि अखंड बोलणारी सुओंग. फाटकासमोर बसून बसून तिने त्या लोकांची भाषाही कामापुरती उचलली होती. तिचा थोरला भाऊ विन त्याच इस्पितळात स्ट्रेचर उचलायचा. एका सकाळी एका जखमीला आत पोचवून तो दुसऱ्याला आणायला गेला. तोफगोळा पडला. दोघंही परत आले नाहीत.

महिनाभराने इस्पितळ गुंडाळायचा हुकूम निघाला. तेव्हा व्हर्ना नावाची परिचारिका कागदावर चित्र काढून दुकानात आली. पांढऱ्या कापडावर लाल क्रूस आणि खाली इस्पितळाचा आकडा. आठवण म्हणून चोवीस जणांना चोवीस बिल्ले हवे होते.

“पांढरं?” सुओंगने सुई खाली ठेवली. “ताई, घरातलं कुणी गेलं की आम्ही पांढरं डोक्याला बांधतो. जित्या माणसाच्या छातीवर कशाला? मरण काय कमी हिंडतंय, म्हणून आपण आमंत्रण धाडायचं?”

“अगं, पण इस्पितळाचा रंग पांढराच असतो.”

“म्हणून तर तिथे माणसं मरतात.”

व्हर्नाने हात टेकले. पिवळं ठरलं. मग सुओंगने नावांच्या यादीवरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“यात आमचा विनदादा कुठाय?”

व्हर्ना गोरीमोरी झाली. “ही फौजेच्या माणसांची यादी आहे गं. तो रोजावर होता.”

“मग मेला तोही रोजावरच का?”

“विचारून सांगते,” व्हर्ना म्हणाली. चोवीस पिवळे बिल्ले घेऊन ती गेली, इस्पितळ गेलं, उत्तर राहिलं.

विनच्या सुतकाच्या पट्ट्या कापून थोडं पांढरं कापड उरलं होतं. त्यावर सुओंगने पंचविसावा बिल्ला भरला. तो मी. आता गंमत पाहा. कागदावरच्या चित्रासारखा हुबेहूब निघालो तो मी एकटाच, आणि ज्याचा माणूस यादीत नाही असाही मी एकटाच. माझ्या डोक्यात (बिल्ल्याला डोकं असतं असं धरून चालू) तेव्हापासून जो गुंता झाला आहे, तो सुटलेला नाही.

आमच्याकडे सुतक फिटलं की पांढऱ्या पट्ट्या जाळतात. वर्ष झालं तेव्हा सुओंगने आपली पट्टी जाळली आणि मग मला चिमट्यात धरून आगीवर नेलं. मी घाबरलो की धन्य झालो, ते आजही सांगता येत नाही. एवढ्यात चिमटा मागे आला.

“ह्याला नाही,” ती आईला म्हणाली. “दादाचं सुतक त्या इस्पितळाने अजून धरलेलंच नाही. फिटेल कुठून?”

“अगं बये, ते लोक कशाला परत येतायत?”

“नाही आले तर राहील पडून. खायला का मागतोय?”

खायला मी मागितलं नाही. बिस्किटांच्या डब्यात बटणांसोबत पंचेचाळीस वर्षं काढली. बटणं स्वभावाने वाईट नसतात, पण त्यांना विषय एकच, काज. बाहेर जुन्या बिल्ल्यांना भाव आला होता. दुकानदार माझ्या पिवळ्या भावंडांच्या नकला करून, चहात बुडवून, उन्हात वाळवून त्या जुन्या करत होते. मी चहाशिवाय जुना होत होतो आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मग याच आठवड्यात व्हर्ना आली. हातात काठी, सोबत त्याच इस्पितळातले आठ म्हातारे. इस्पितळाच्या जागी आता स्कूटरींचा तळ आहे; तिथे उभं राहून ते आपल्या चोवीस जणांची नावं वाचणार होते. व्हर्ना आधी दुकानात आली, आणि तिच्यामागून त्यांच्या मंडळाचे चिटणीस जुने बिल्ले पारखायला भिंग घेऊन आले. सुओंग आता आजी झाली आहे. तिने डबा उघडून मला पुढे ठेवलं.

चिटणिसांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. “बनावट आहे. खरे सगळे पिवळे. पांढरा कधी झालाच नाही.”

“मी केलाय तो,” आजी म्हणाली. “म्हणजे मीपण बनावट. बसा, बनावट चहा घ्या.”

व्हर्नाने मला तळहातावर घेतलं. अंगठ्याने लाल क्रूस चाचपला. “मी विचारलंच नव्हतं, सुओंग,” ती म्हणाली. “नाही म्हणतील, अशी भीती वाटली.” मग पेन काढून तिने यादीच्या तळाशी एक नाव लिहिलं.

“बाई, ती यादी छापील आहे!” चिटणीस कळवळले.

“असू दे. हे शाईचं आहे.”

तळावर नावं वाचली गेली. जिवंत असलेला हात वर करी, नसलेल्यासाठी कोणीतरी दोन शब्द बोले. “पंचवीस. फाम विन.” कोणीच बोललं नाही. एका स्कूटरने हॉर्न दिला. आजीच्या मुठीत मी पार चुरगळलो.

“विन?” मागून एक लठ्ठ म्हातारा म्हणाला. “पत्त्यांत लबाडी करायचा तो? अरे, माझं घड्याळ जिंकून गेला की!”

“घड्याळ घरी आहे,” आजी म्हणाली. “बंद पडलंय.”

“तेव्हाही बंदच होतं,” म्हातारा म्हणाला, आणि टोपी काढून रडायला लागला.

आजीने तिथेच कडेला मातीचं मडकं ठेवलं, मला त्यात ठेवलं आणि काडेपेटी काढली. चिटणीस धावत आले. “अहो, थांबा! आता नाव यादीत आलं, म्हणजे हा अस्सल ठरला! असा दुसरा जगात नाही!”

“दुसरा भाऊही नव्हता मला,” आजी म्हणाली. “त्याचं सुतक आज फिटलं. सरका, वारा येऊ द्या. नाही, नका सरकू, तिथेच उभे राहा. आडोसा होतोय.”

मित्रांनो, अशा वेळी ‘आम्हाला जपा, कसरीपासून वाचवा’ असं सांगून आमच्यासारख्यांनी रजा घ्यायची असते. मी ते पाठही केलं होतं. पण अस्सल ठरून पाच मिनिटं झाली नाहीत तोच ही वेळ आली. आनंद मानावा की ओरडावं, कळत नाही. समुद्राचं वारं फार आहे. दोन काड्या विझल्या, आजी तिसरी ओढते आहे. एका बाजूने व्हर्नाने ओंजळ धरली आहे. तुमच्यापैकी कोणी जवळ असेल, तर कृपा करून दुसऱ्या बाजूने हात धरा.