उपाशी पेशी

शशिकलाने रजिस्टर थेट यशवर्धन सरांच्या लॅपटॉपवर आडवं टाकलं.

"सर, तो चौपट चरबीवाला रिझल्ट खोटा आहे."

सर हसले. आपल्याभोवतीच्या पडद्यासाठी चरबी किती बनवायची हे मेंदूच्या पेशी कशा ठरवतात, यावरचा त्यांचा पेपर उद्या जाणार होता. अमुक एक जीन बंद केला की पेशी चौपट चरबी बनवतात, हा शोध. त्यावर त्यांची विद्यार्थिनी पलक हिची पीएचडी टांगलेली आणि सरांचा दिल्लीचा पुरस्कारही. शशिकला लॅबची अटेंडंट. डिशांमधल्या पेशींना खाऊपिऊ घालणं हे तिचं काम.

"सांगा तर, कसा खोटा?"

"रंगपंचमीला गेर होती, रंगांची मिरवणूक. आमच्या छत्रीबागेतून कोणी घराबाहेर निघू शकतं का त्या दिवशी? पेशी एक दिवस उपाशी नकोत राहायला, म्हणून आदल्या संध्याकाळी वरून सीरम घातलं. बाटली अर्ध्यातच संपली. साध्या पेशींना मिळालं, तुमच्या जीनवाल्यांना नाही."

सरांच्या शेजारी बसलेल्या पलकचा चेहरा उतरला. सीरममध्ये तयार चरबी असते. ती आयती मिळाली की पेशी आपली चूल विझवतात. ज्यांना मिळाली नाही त्या राबत राहिल्या, एवढंच. जीनचा काडीचा संबंध नव्हता.

"यार ताई, हे आत्ता सांगताय? कल सबमिशन आहे!"

"तुझा ग्राफ मला कालच दिसला. त्यावर रंगपंचमीची तारीख होती."

सरांनी उठून दार लावलं. मग खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

"बसा, शशिकलाजी."

सकाळपर्यंत ती 'ए शशी' होती. अकरा वर्षांत या केबिनमध्ये तिने फक्त फरशी पुसली होती. ती बसली.

"सीरमचं यात लिहिलंय?"

"पान बत्तीस."

सरांनी पान काढलं, वाचलं. फाडलं नाही. एवढे मूर्ख असते तर डिपार्टमेंटचे हेड झाले नसते. रजिस्टर मिटून त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये सारलं आणि किल्ली फिरवली.

"तुमच्या हाताशिवाय हे काम झालंच नसतं," ते मऊ आवाजात म्हणाले. "पेपरवर तुमचं नाव घालतोय. लेखकांमध्ये."

तिने जगवलेल्या पेशींवर आजवर सात पेपर निघाले होते. एकाच्याही आभारांत ती नव्हती. पलक मान खाली घालून नखं कुरतडत होती.

शशिकलाने पदर सारखा केला.

"पलकच्या आधी का नंतर?"