कपडेवाल्या बाई

"कपडेवाल्या बाईंना सांगा, काखेत टोचतंय," तो आरशाकडे बघत म्हणाला.

कपडेवाल्या बाई काही लांब नव्हत्या. त्याच्याच काखेत डोकं घालून, एक गुडघा जमिनीवर टेकून, दातांत टाचण्या धरून त्या अंगरख्याची शिवण उसवत होत्या. पण सांगायचं ते मेकअपदादाला. मेकअपदादा बिचारा हातातला ब्रश सांभाळत वाकला आणि म्हणाला, "ताई, काखेत टोचतंय म्हणतात."

"ऐकलं," टाचण्यांच्या फटीतून ताई म्हणाल्या.

"त्यांना विचारा, माप घेता येतं की नाही. की नुसतं कोंबायचं माहीत आहे?"

मेकअपदादानं हे मात्र पुढे पोचवलं नाही. तो आपला पावडरचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधत बसला.

आता गंमत बघा. दिग्दर्शकापासून दिवे उचलणाऱ्यांपर्यंत सगळं युनिट त्यांना ताई म्हणायचं. ज्याला तसं म्हणायचा जन्मापासून हक्क, तो पाठचा सख्खा भाऊ तेवढा कपडेवाल्या बाई म्हणायचा, आणि तेही तिसऱ्या माणसाकरवी. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, मोठा नट आहे, असेल एकेकाची तऱ्हा. नंतर कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं आणि मग सगळे दोघांच्या मधून जाताना खाली मान घालून जायला लागले.

चित्रपट ऐतिहासिक होता. जुन्या काळचा एक बदनाम लेखक. त्याच्या पुस्तकांनी सभ्य माणसांची झोप उडवली. लोक चारचौघांत त्याच्या नावानं थुंकत आणि घरी गादीखाली त्याचंच पुस्तक ठेवत. शेवटी सख्ख्या बहिणीनंच पुढाकार घेऊन त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. लेखक म्हणजे भाऊ. बहिणीचं काम एक नवी नटी करत होती. शूटिंगसाठी एक बंद पडलेलं इस्पितळ भाड्यानं घेतलं होतं. लांबलचक ओवरी, अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फरशा, रांगेनं मोऱ्या, आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी न जाणारा फिनेलचा वास. औषधांच्या जुन्या कोठीत ताईंनी शिलाईचं मशीन मांडलं होतं.

आणि तो अंगरखा. जाड किंतानाचा, हातापेक्षा लांब बाह्यांचा. दोन्ही हात छातीवर आडवे घालून बाह्यांची टोकं पाठीमागे नेऊन आवळायची, की माणूस झाला जेरबंद. युनिटमधली मंडळी त्याला 'गाठोडं' म्हणत. भाऊ समोर नसताना, अर्थातच.

कारण भाऊ स्वतः अशा ठिकाणी राहून आलेला होता. ऐन भरात असताना एका प्रयोगात तो मधेच थांबला, समोरच्या रांगेतल्या लोकांना तोंडाला येईल ते बोलला आणि रंगमंचावरून उतरून थेट घरी आला. मग रात्रंदिवस जागा. बडबड, आदळआपट, घरातली काच म्हणून शिल्लक ठेवली नाही. ताईंच्या नवऱ्यानं डॉक्टर आणले. डॉक्टर म्हणाले, घरच्या जबाबदार माणसानं तोंडानं सांगायला हवं, त्याशिवाय नेता येणार नाही. आई भिंतीकडे तोंड करून बसली. नवरा म्हणाला, तू मोठी आहेस, बोल. डॉक्टर घड्याळ बघत होते. ताई म्हणाल्या, "हो. आम्हाला आवरत नाही. घेऊन जा."

एवढंच बोलल्या होत्या. तो गेला तो वर्ष उलटून गेल्यावर परत आला. आला तेव्हा हात थरथरायचे, आणि बहिणीशी एक शब्द नाही. आई गेली तेव्हाही नाही. काम देणारे त्याचं नाव निघालं की विषय बदलायचे. कित्येक वर्षांनी ही भूमिका त्याच्याकडे आली, तेव्हा ताई आपणहून दिग्दर्शकाकडे गेल्या आणि कपड्यांचं काम मागून घेतलं. भाऊ पुन्हा उभा राहताना जवळून बघायचा होता, दुसरं काय!

पण उभा राहतोय कुठे? बाकीचे प्रसंग त्यानं असे केले की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. हा बांधायचा प्रसंग आला की गाडी अडायची. पाठीमागे पहिला पट्टा आवळला की त्याचा श्वास वर चढायचा, डोळे फिरायचे, आणि तो सगळ्यांना ढकलून चालता व्हायचा. दोनदा असं झालं होतं.

सकाळचा चहा झाल्यावर निर्मात्या बाई कोठीत आल्या. या बाईंची जीभ साखरेत घोळलेली. कुणाला घरी पाठवायचं असलं की आधी त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या.

"ताई, असाच आणखी एक अंगरखा शिवून ठेवा ना. उंची हीच. छातीत दोन इंच जास्त धरा."

ताईंचा हात मशीनच्या चाकावर थांबला. या धंद्यात कुणाची भूमिका हातची जाणार हे त्या नटाच्या आधी त्याच्या शिंप्याला कळतं. छातीत दोन इंच जास्त असलेला नट कोण, हेही त्यांना न सांगता कळलं.

"कशाला?" तरी त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय सांगायचं? तुमच्याच घरचं दुखणं." बाई स्टुलावर टेकल्या. "मी त्याला असा काढला तर तो कोर्टात जाईल. विमा कंपनी मागे लागेल ते वेगळंच. पण जुना आजार उलटलाय असं घरच्या माणसानं सांगितलं, की कुणी काही विचारत नाही. तुम्ही सख्ख्या बहीण. तुमच्या तोंडून एकदा आलं, की त्याचीही अब्रू राहील, माझाही चित्रपट राहील."

"दुपारचा शॉट तर होऊ द्या."

"होऊ दे की," निर्मात्या बाई गोड हसल्या. "मी कुठे पळून चाललेय?"

दुपारी ओवरीत दिवे लागले. रखवालदाराच्या वेषातले दोन धिप्पाड नट त्याला धरून उभे राहिले. लेखकाच्या बहिणीनं पुढे होऊन स्वतःच्या हातानं शेवटचे पट्टे आवळायचे, असा प्रसंग होता. नटीनं पट्टा हातात घेतला. नखं लांब, त्यात हात कापत होते, बक्कल काही लागेना. आणि हा तिच्याकडे मान वळवून असा बघत होता की कुणाचेही हात कापावेत.

"लवकर," तो दातओठ खात म्हणाला. हा संवाद नव्हता.

बक्कल लागलं. पाठ ताठ झाली. श्वासाचा आवाज भिंतींवर घुमायला लागला, आणि पुढच्या क्षणी त्यानं खांद्याचा असा हिसडा दिला की रखवालदार एकीकडे आणि नटी दुसरीकडे.

"बांधता येत नाही तर कशाला येतात इथे? मेंदी लावायला ठेवलेत हात?" तो ओरडला. "एक माणूस धड नाही इथे! सगळे भाडोत्री!"

नटी मुसमुसत म्हणाली, "मी याच्याजवळ जाणार नाही. काढा नाव माझं." दिग्दर्शकानं डोक्यावरची टोपी काढून आपटली.

निर्मात्या बाईंनी वेळ बरोबर साधली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण अगदी मायेच्या आवाजात त्या म्हणाल्या, "ताई, आता तुम्हीच सांगा. तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. हे पूर्वीचंच आहे ना?"

सगळी डोकी ताईंकडे वळली. भाऊ अर्धवट सुटलेल्या बाह्या लोंबकळत उभा होता. तो हसायला लागला.

"विचारा, विचारा," तो निर्मात्या बाईंना म्हणाला. "योग्य माणसाला विचारलंत. हो म्हणायला त्यांना फार वेळ लागत नाही. सराव आहे."

ताईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. एवढ्या माणसांत त्यानं ते उघडं केलं, आणि खोटं काय होतं त्यात? गळ्यात अडकवलेली मापाची टेप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. त्याला काही झालेलं नाही. त्याला भीती वाटते. तुमचे हात असे आवळून तुम्हाला उभं केलं तर तुम्हालाही वाटेल." आवाज चिरकला, तरी त्या थांबल्या नाहीत. "मी हे विमा कंपनीला सांगणार नाही, कोर्टात सांगणार नाही, कुठेच सांगणार नाही. आणि तुमच्या त्या दुसऱ्या नटाच्या मापाचा अंगरखाही शिवणार नाही."

दुसऱ्या नटाचं ऐकल्यावर भावाचं हसू मावळलं. त्यानं निर्मात्या बाईंकडे पाहिलं, मग दिग्दर्शकाकडे. दिग्दर्शक टोपी उचलायला खाली वाकला तो वाकूनच राहिला.

"ताई," निर्मात्या बाईंच्या जिभेवरची साखर आता पार विरघळली होती, "उद्यापासून कामावर यायचं नाही का तुम्हाला?"

"नका बोलावू."

दिग्दर्शक टोपी घेऊन सरळ झाला. माणूस उद्धट असेल, पण त्याला चित्रपट पुरा करायचा होता. "उद्याचं उद्या," तो खेकसला. "मला आत्ता हात हवेत. ताई, तुम्ही बांधा. चेहरा घेत नाही, नुसते हात येतील."

"मी?"

"मग काय मी बांधू? बायकांचे हात पाहिजेत."

"बांधू देत," भाऊ म्हणाला. आवाजातला मघाचा सगळा जोर गेलेला, तरी विष होतंच. "कशाला नकली? अस्सल माणूस हजर आहे."

नटीच्या जुन्या काळच्या झग्याच्या बाह्या ताईंच्या हातांवर चढवल्या. ताई त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. कॅमेरा सुरू झाला. त्यांनी एक टोक ओढलं, दुसरं ओढलं, पहिलं बक्कल लावलं. तळहाताखाली त्याची पाठ भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. मानेवर घाम फुटला. लहानपणी ताप चढला की असाच फुटायचा, आणि ताई रात्रभर कपाळावरची ओली घडी बदलत बसायच्या. सैल करावं, सगळं सोडून द्यावं, असं त्यांना इतकं वाटलं की बोटं मागे आली. पण सैल केलं की शॉट गेला, आणि शॉट गेला की तो गेला. ताईंनी ओठ घट्ट मिटले आणि दुसरा पट्टा मघापेक्षा जोरात आवळला.

त्यानं मान वळवली. श्वास घशात अडकत होता, पण शब्द एकेक सुटा आला.

"आवळून बांध," लेखक आपल्या बहिणीला म्हणाला. "सैल राहिलं तर मी लिहीन."

ताईंनी तिसरा पट्टा बांधला. तो हलला नाही. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला, आणि म्हणाला तेव्हा आधी कुणाला काही सुचलं नाही. मग टाळ्या पडल्या. धिप्पाड रखवालदारांपैकी एक चक्क डोळे पुसत होता. निर्मात्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या, अगदी पुढे येऊन.

लोक दिवे हलवायला लागले. ताई पट्टे सोडायला लागल्या. घट्ट ओढल्यानं बक्कल रुतलं होतं, ते नखानं उचकटावं लागत होतं. आता तो शिव्या देईल, नाहीतर मेकअपदादाला हाक मारील. दोन्हींची त्यांची तयारी होती. आणि खोटं कशाला सांगा, मनाच्या एका कोपऱ्यात त्या भलत्याच एका शब्दाची, 'ताई'ची, वाट बघत होत्या.

"म्हणजे तुला नाही म्हणता येतं," तो म्हणाला.

समोरच्या फरशांकडे बघत, हळू, फक्त ताईंना ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

ताईंची बोटं बक्कलावर थिजली. तेव्हा तू खरंच आजारी होतास. तेव्हा आई, तेव्हा आमचे हे, तेव्हा डॉक्टर. सगळं ओठांवर आलं, आणि त्यातलं एकही मघाच्या त्या 'नाही'पुढे उभं राहीना.

"तेव्हा..." त्यांनी सुरुवात केली.

"आधी हात मोकळे कर," तो म्हणाला.