न ठरलेल्या लग्नाचं निमंत्रण

येत्या शुक्रवारी दोन्ही घरच्यांनी बसून नानची रोटी मोडायची, म्हणजे माझ्या लेकीचं, झुल्हुमोरचं लग्न पक्कं, एवढं ठरलं होतं. आणि मंगळवारी सकाळपासून अर्धं मार्गिलान गाव मला फोन करून विचारत होतं, तारीख कोणती?

मला काही कळेना. मी विचारायची, कुणाच्या लग्नाची? समोरची म्हणायची, अगं, निमंत्रण तूच तर पाठवलंस. शेजारीण तर खिम्याच्या सोमशांचं ताट घेऊन आली, लपवाछपवी करते म्हणून मला चार शब्द सुनावले आणि ताट ठेवून गेली.

मग सनोबर-ओपाचा फोन आला. ओपा म्हणजे ताई; ही नवऱ्या मुलाची, बुन्योदची आई, माझी होणारी विहीण. सलामसुद्धा धड केला नाही.

"मुकद्दस, मुलगी दुसरीकडे देताय तर द्या. पण वर आम्हालाच निमंत्रण?"

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

झुल्हुमोर औषधांच्या दुकानातून धावत घरी आली. तिलाही निमंत्रण मिळालं होतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. करीन तर बुन्योदशी, असं ती मला उन्हाळ्यातच सांगून बसलेली. तिनं माझा फोन घेतला, आधी इंटरनेट बंद केलं आणि मग विचारलं, काल काय उघडलंस?

काल माझ्या जावेच्या, तुर्सुनोयच्या नंबरावरून आलं होतं: लग्नाला यायचंच, निमंत्रण उघडून पाहा. आता लग्नाचं बोलावणं न उघडता कोण ठेवतं? आमच्याकडे तसं केलं तर मेल्यावर खांदा द्यायलाही कुणी येणार नाही. उघडल्यावर त्यानं कसकसल्या परवानग्या मागितल्या, मी सगळ्यांना हो म्हटलं. निमंत्रण काही दिसलं नाही. मला वाटलं, चष्म्याचा दोष.

"ते निमंत्रण नव्हतंच, आई. खरं निमंत्रण म्हणजे नुसतं चित्र. ह्याच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे तो प्रोग्राम. निमंत्रणाचे कपडे घालून आला, आता तुझे मेसेज वाचतोय आणि तुझ्या नावानं सगळ्यांना स्वतःलाच पाठवतोय."

"पण तुर्सुनोयनं असं का करावं?"

"तिनं नाही केलं. तिच्या फोननं केलं."

"तिच्या फोनचं मी काय घोडं मारलंय?"

तिनं तो प्रोग्राम काढून टाकला, बँकेला कळवून कार्ड बंद करवलं, स्वतःच्या फोनवरून माझे पासवर्ड बदलले. यापुढे असं काही आलं तर आधी त्या माणसाला फोन लावून आवाज ऐकायचा, अशी तंबी दिली. मग तिच्या फोनवरून आम्ही सनोबरला कळवलं, आलंय ते उघडू नका. उत्तर आलं, तुमच्या घरचं आता काहीच उघडणार नाही.

शेवटी मी तशीच चालत सनोबरच्या घरी गेले, रिकाम्या हातांनी. तिनं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, त्यातलं निम्मं मलाच समजलेलं नव्हतं.

"प्रोग्राम कपडे घालून आला?" ती म्हणाली. "खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोला."

मला रडू आलं, रागही आला. मी विचारलं, "तुम्ही उघडलंत का ते?"

"उघडू नको तर काय करू? नवरा मुलगा कोण ते बघायला नको?"

"मग, दिसला?"

"नाही. काहीच दिसलं नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा कोकंदला राहणारा थोरला भाऊ. एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला दारातही ऐकू येत होतं. बुन्योदचं लग्न ठरलं आणि सख्ख्या मामाला फोनवरून कळवता? सनोबर म्हणाली, मी कुठे काय पाठवलं? तो म्हणाला, तूच पाठवलंस, सकाळीच.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर हात ठेवून हळूच विचारलं, "ह्याला आता काय सांगू?"

"खरं ते सांगा."

तिनं थोडा विचार केला. मघाशी खरं ऐकून घेतल्यावर आपण काय म्हणालो, ते बहुतेक तिला आठवलं असावं.

"हो दादा," ती फोनमध्ये म्हणाली, "नान आजच मोडतोय, मुलीची आई दारात उभी आहे. तारीख कळवते. आणि ते आलंय ना, ते उघडू नकोस."

"उघडलं की," तो म्हणाला.