साबण लावला तरी पिवळीच

“फोडलीस ना? माझी कॅप्सूल फोडलीस ना, चिमणे?”

“फोडली. एकच फोडली. एवढं बोंबलायला काय झालं?”

दादाच्या हातात तापलेली इस्त्री होती म्हणून बरं. हात रिकामा असता तर टेबलावर आपटला असता आणि हॉटेलच्या घडी केलेल्या चादरी सगळ्या खाली लोळल्या असत्या. लाँड्री या दोघा भावंडांची. तो इस्त्री मारायचा, ती डाग काढायची. चिमणी फक्त नावाला. वय पंचेचाळीस, आवाज भोंग्याचा.

भांडण होतं गुडघ्यावरून. वीस वर्षं उभ्याने इस्त्री मारून दादाचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. तीन महिन्यांपूर्वी तर तो म्हणाला होता, बास, आता इस्त्री बंद. तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका अभ्यासात घेतलं. हळदीचा अर्क गुडघेदुखीवर खरंच चालतो का, ते त्यांना बघायचं होतं. अर्ध्या लोकांना हळदीची कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी फुसकी. कुणाला कुठली ते पेशंटला माहीत नाही, बाईंनाही नाही. यादी बंद पाकिटात.

“माणसाला कळलं ना, की गुडघ्यालाही कळतं,” बाई म्हणाल्या होत्या. “मग खरं काय ते समजत नाही.”

आणि दादाचा गुडघा चक्क सुधारला होता. जिना चढताना कठडा धरणं सुटलं होतं. आज चार वाजता शेवटची तपासणी, आणि आजच हिने हा उद्योग केला.

“आई आपल्या मुरगळलेल्या पायाला हळदीचा गरम लेप लावायची,” चिमणी म्हणाली. “दुसऱ्या दिवशी चादर पिवळीधमक. ती धुतली कुणी? मी. हळद ओळखायला डॉक्टरांना यंत्रं लागतात, मला साबण पुरतो.”

यात थाप काही नव्हती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, आणि उन्हात टाकला की उडतो. लाँड्रीत पाय ठेवलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं. चिमणीने पांढऱ्या चिंधीवर कॅप्सूलमधली पूड ओतली होती, ओली केली होती आणि वर साबण घासला होता.

“मग?” दादाने विचारलंच. विचारायचं नव्हतं, पण तोंड ऐकतंय कुठे!

चिमणीने चिंधी पाठीमागे लपवली.

“बोल की!”

“पिवळीच राहिली रे. नुसता खायचा रंग आहे.”

तेवढ्यात शेजारच्या दुकानातले शिंपी मास्तर आत घुसले. तेही त्याच अभ्यासात होते. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, स्वतःची बाटली घेऊनच आले. “चिमणीबाई, माझी पण फोडा!”

फोडली, त्याच चिंधीवर. साबण लागताच डाग लालभडक.

“अस्सल माल!” मास्तर नाचायचेच बाकी होते.

“पण मास्तर, सकाळपर्यंत तर तुम्ही कण्हत होता,” चिमणी म्हणाली.

“सकाळी मला कुठे माहीत होतं? आता बघा!” आणि त्यांनी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात हलवत, लग्नातल्या मुलाच्या बापासारख्या.

इकडे दादा लंगडायला लागला. खरंच. टेबलापासून दारापर्यंत लंगडत गेला. “गेला. गुडघा गेला. तीन महिने रंग गिळत होतो मी, येड्यासारखा.” त्याने चिंधी हिसकावली आणि टेबलाखाली भिरकावली. मग राहवेना, म्हणून स्वतःच खाली वाकून काढली आणि तिथेच उजेडाला धरून बघत बसला. “हे बघ, माझ्या डागाला कडेला लालसर आहे.”

“तो मास्तरांचा डाग पसरलाय. आणि दादा...”

“काय?”

“तू बसलायस कसा?”

दादाने खाली बघितलं. तो उकिडवा बसला होता. दोन्ही टाचा जमिनीला. वर्षभरात तो असा बसला नव्हता. आणि उठला तेव्हा टेबलाला हातही लावला नाही. उठल्यावर लंगडायचं विसरला.

“मग हे केलं कुणी?” तो पुटपुटला.

“डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तो पाय सरळ करायचा व्यायाम सांगितला होता ना,” चिमणी म्हणाली. “मास्तर, तुम्ही करता?”

“मला कुठे वेळ!”

“व्यायामानेच असेल असं नाही. आपला आपणही बरा झाला असेल,” दादा म्हणाला. पण हसू काही दाबता येईना. गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला.

“बाईंकडे बोलू नका हां,” मास्तर कुजबुजले. “दोघांची नावं काढून टाकतील.”

“काढू देत! मला पिवळ्या रंगाने बरं वाटलं, तुम्हाला आता चिंधी बघून वाटलं. त्यांनी खरं शोधायचं तरी कसं?” दादाने चिंधी घडी करून खिशात घातली. “आणि सांगतो त्यांना, पुढच्या वेळी फुसकीला साबणाने लाल होणारा रंग घाला. नाहीतर गावातली प्रत्येक लाँड्रीवाली तुमचं पाकीट फोडेल.”

“अरे, पण उरलेल्या चादरी?”

“तू मार. कॅप्सूल फोडायला हात चालतात ना? चार वाजत आले. चला मास्तर. मी निघालो.”