पहिल्या हाकेची ओ

माझे बाबा पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाहीत. चकवा माणसाच्या आवाजात हाक मारतो, पण तिसऱ्यांदा मारत नाही, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं. म्हणून दोन हाका सोडायच्या आणि तिसरीला ओ द्यायची. आई काही त्यांना नावानं हाक मारत नाही, ती म्हणते, "ऐकलं का जी?" दोनदा हे वाऱ्यावर जातं, तिसऱ्यांदा बाबा मान वर करतात आणि म्हणतात, "ओ." आमच्या घरात हे इतकं मुरलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं, चंदनचा फोन येईपर्यंत.

चंदन सिंदीच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, राखण करतो. आमचं घर रेल्वे लाइनीच्या अलीकडे, जिनिंग आणि वावर पलीकडे. सगळं गाव आमच्या घरासमोरूनच लाइन ओलांडतं. "ताई," तो म्हणाला, "काका लायनीवर होते. गाडी भोंगा मारून राह्यलती आन् काका आपले आरामात चालून राह्यलते. मी धावत जाऊन वढलं त्याइले. तुमी येऊन जा एकडाव."

मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या वर्ध्याच्या घराशेजारून कुठलीही गाडी वाजली की मला लाइनीवर बाबाच दिसायचे. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मिळेल त्या गाडीनं सिंदीला गेले आणि चप्पल काढायच्या आधीच बाबांना म्हटलं, "उद्या सेवाग्रामला चला. कान दाखवायचे. मी नंबर लावलाय."

"माह्या कानाले काय धाड भरली?"

"भोंगा ऐकू आला नाही तुम्हाला."

"आलता ना. दूरचा वाटला."

"दूरचा? चंदननं ओढलं नसतं तर..."

"तुह्या आवाजानं बह्यरा व्हाचो मी, बाकी काही नाई होत मले."

आई पोळ्या लाटत होती. मान खाली घालून म्हणाली, "त्याइची सवय नाई का माहीत तुले? पह्यल्या हाकेले ते ओ देतच नाईत."

"आई, रेल्वे तीन हाका मारत नसते."

हातातली पोळी लाटून लाटून पार पातळ केली तिनं.

मी घरात येरझारा घालत राहिले. खिडकीपाशी जा, परत ये. गाडी गेली की बाबांकडे बघ. बाबा पेपर वाचत होते. मालगाडी गेली तेव्हा भांडी थरथरली, पण त्यांनी मान वर केली नाही. आता त्यांना ऐकू आलं नाही की रोजचीच म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही? कसं कळणार? कळायला काही मार्गच नव्हता, आणि त्यानं माझं डोकं फिरत होतं.

दुपारी जेवताना त्यांनीच मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे पाह्य. तू तं सायन्सची मास्तरीन. सांग बरं काऊन होते असं?"

नेहमीसारखा पाठवापाठवीचा संदेश होता. बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही आणि त्याचं कारण अजून कुठल्याही शास्त्रज्ञाला सापडलेलं नाही. खाली आश्चर्यानं डोळे विस्फारलेले पिवळे चेहरे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आधीच जीव थाऱ्यावर नाही आणि त्यात हे.

"साफ खोटं आहे. आवाज म्हटला की भिंतीवर आपटणार आणि परत येणार. बदकाचा असो की तुमचा."

"मी सोता पाह्यलं," बाबा म्हणाले. "चंदनजवळ बदकं हायेत. जिनिंगच्या रिकाम्या शेडात मी ओरडलो तं भिंत बोलते. बदक ओरडलं तं गप. एकडाव नाई, दहा डाव पाह्यलं."

ते थापा मारत नव्हते. वाद जिंकल्याची चमक होती डोळ्यांत. तीच मला नेमकी उपयोगी पडणार होती.

"पैज," मी म्हटलं. "आजच जाऊ शेडमध्ये. बदकाचा आवाज परत आला, तर उद्या मुकाट्यानं माझ्यासोबत सेवाग्रामला यायचं. नाही आला, तर कानाचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"मंजूर," बाबा म्हणाले. ताटातच हात धुऊन उठलेसुद्धा.

"कायले पैजा लावता बापलेकी?" आई एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की मी चमकून बघितलं. मग पदर खोचत म्हणाली, "मी बी येतो."

ऊन कलल्यावर निघालो. लाइन ओलांडताना बाबा नेहमीसारखे झपाझप पुढे, मी मागून दोन्हीकडे वेड्यासारखी बघत. हंगाम संपून गेल्यानं जिनिंग बंद होतं. एवढं मोठं पत्र्याचं शेड रिकामं, कोपऱ्यांतल्या जाळ्यांना कापूस चिकटलेला. आगीसाठी बांधलेल्या पाण्याच्या टाक्यात चंदनची बदकं पोहत होती, एक नर आणि एक मादी.

शेडच्या तोंडाशी उभं राहून बाबांनी आरोळी ठोकली, "चंदऽऽन!" पलीकडची भिंत म्हणाली, "चंदऽऽन!" बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. हे त्यांना ऐकू आलं होतं. माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. कदाचित सगळं ठीकच असेल.

बदक मात्र बोलेना. चंदननं मादीला काखेत धरून आणलं, ज्वारी दाखवली, चुचकारलं. ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. बाबा अधीर झाले, मी त्यांच्याहून अधीर. शेवटी चंदन म्हणाला, "थांबा, हिले नराची सय येऊ द्या," आणि तिला शेडच्या मधोमध सोडून बाजूला झाला. तिनं मान उंचावली, टाक्याच्या दिशेला बघितलं आणि ओरडली.

तिचा आवाज सुरुवातीला मोठा आणि मग बारीक बारीक होत जाणारा. तो संपता संपताच पलीकडून परतीचा आवाज आला. दोन्ही एकमेकांत मिसळले होते. लोक फसतात ते इथेच. पण कान देऊन ऐकलं तर स्पष्ट होतं, भिंत त्या बदकाला ओ देत होती.

जिंकले! मी बाबांकडे वळले, आणि बघते तर तेही माझ्याकडे वळलेले, चेहरा आनंदानं फुललेला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "नाई आला!"

मी चंदनकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि मोठ्यानं म्हणाला, "हो काका. नाई आला."

मला त्याचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी राग उरला नाही. बाबांना खरंच ऐकू आलं नव्हतं, हे त्याला समजलं होतं. मलाही समजलं होतं. इतकी तणतणत आले होते मी, आता नुसतं 'आला' म्हणायचं होतं आणि तेच म्हणवत नव्हतं. मी गप्प राहिले तर बाबा जिंकणार होते. पैजच तशी लावली होती मी, माझ्या शहाणपणाच्या भरात. आणि उद्या सकाळी ते पुन्हा एकटे लाइनीवर.

"आला," आई म्हणाली.

बाबा माझ्याकडेच बघत हसत होते. आई चालत त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिसऱ्या हाकेला ती रोज त्यांच्यापुढे जाते तशीच. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तिसरी हाक ती रोज त्यांच्या समोर जाऊनच मारते.

"आला जी," ती म्हणाली. "बारीक आला, पन आला."

"चंदन तं म्हनते..."

"चंदन तुमचं मन राखून राह्यला."

बदक पुन्हा ओरडलं. बाबांनी भिंतीकडे बघितलंच नाही. आधी आईकडे, मग माझ्याकडे, मग चंदनकडे, असे आमचे चेहरे बघत राहिले. आवाज आला की नाही ते आता त्यांना आमच्याच तोंडावर वाचायचं होतं. मग म्हणाले, "मंग माह्याचकडे काऊन नाई आला?"

चंदन बदकाला उचलून निघून गेला.

"तुला माहीत होतं?" मी आईला हळूच विचारलं. हळू कशाला, तेही मला कळलं नाही.

"पह्यले बी ते पह्यल्या हाकेले ओ देत नव्हते," आई म्हणाली. "पन गालात हसत होते. आता नाई हसत. दोन-तीन सालापासून नाई हसत." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गावानं बह्यरा म्हनून हसू नये, म्हनून मी सवयीचं नाव सांगत राह्यली. काल चंदन नसता तं?"

तिला जवळ घ्यावं की तिच्यावर ओरडावं, मला समजेना. मी दोन्ही केलं नाही. फक्त तिचा हात धरला.

परतताना बाबा पुढे होते, पण झपाझप नव्हते. लाइनीशी आले आणि थांबले. मी धावणार तेवढ्यात ते वळले आणि मागे येणाऱ्या आईकडे बघत उभे राहिले. तिच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आईनं नागपूरकडे बघितलं, वर्ध्याकडे बघितलं. रूळ रिकामे होते. मग तिनं रोजच्या साध्या आवाजात, जराही न ओरडता म्हटलं, "ऐकलं का जी? चला."

"ओ," बाबा म्हणाले. पहिल्याच हाकेला.

आईला हुंदका आला. तिनं पदर तोंडाला लावला, आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखा खाली घेतला. तिचं तोंड त्यांना दिसायला हवं होतं.