शेसक्काची जीभ

गेल्या पावसाळ्यात शेसक्का तापातून उठली आणि तिची जीभ मेली. बोलायची नव्हे. ती तर तापातही चालूच होती. सुई टोचायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा तिने सोडलं नव्हतं. मेली ती चवीची. पेज प्यायली तर कोमट पाणी, लोणच्याची फोड चोखली तर ओल्या चिंधीचा बोळा. आज येईल, उद्या येईल म्हणून तिने वाट पाहिली, आखातात गेलेल्या माणसाची बघतात तशी. पाऊस सरला, भात कापून झालं, वाफ्यांत काकडीचे वेल पसरले, फुलले, लागले. चव काही परतली नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला? लेक हरिणाक्षी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. तिला सांगावं तर कंत्राटदाराकडे विड्या घालायला जाईल तिथे बातमीही घालून येईल. तेव्हा शेसक्का पानावर बसायची, घास गिळायची आणि ‘आज नारळ जून होता वाटतं’ असं काहीतरी बोलायची. हरिणाक्षी चिडायची. ती चिडली म्हणजे घरात सगळं ठीक आहे असं दिसायचं. पण त्याचाही शीण येतो माणसाला. चव नसलेलं अन्न एकवेळ खाता येतं. चव लागतेय असं दाखवत खायचं म्हणजे हाडं दुखतात.

आणि आता ऐन उन्हाळ्यातला, चैत्र-वैशाखाचा पग्गू महिना आला होता. ऊन असं की तळ्यातल्या म्हशीसुद्धा बाहेर यायला तयार नव्हत्या. काकडीचा शेवटचा तोडा निघाला होता.

भजनमंदिरामागच्या शेतांत, भात निघालं की, वाडीतली सगळी घरं एकाच तळ्याच्या पाण्यावर वाफे घालतात. शेण, राख आणि भाजलेली माती, एवढंच. गोणीतलं खत त्या जमिनीला कुणी दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर शेसक्काने दाखवणाऱ्यालाच गोणीत भरलं असतं. भेंडी, दोडकी, लाल माठ ज्याचा त्याने न्यावा, उरला तर शेजारी द्यावा. पण काकडीचा शेवटचा तोडा सगळ्यांचा. तो मंदिराच्या अंगणात एकत्र यायचा, एका हंड्यात शिजायचा आणि एका पंगतीत संपायचा. ही काकडी कच्ची खायची नव्हे, शिजवायची. जाडजूड, पिवळ्या पट्ट्यांची. केळीच्या सोपटाने वाशाला टांगली तर पाऊसभर टिकणारी. गुण एवढे आणि खोड एकच. ढिगात एखादी विषासारखी कडू निघते आणि बाहेरून काही कळत नाही. ती एक हंड्यात पडली की सगळा हंडा गेला.

म्हणून प्रत्येक काकडीची देठाकडची चकती कापून आधी जिभेवर ठेवायची. हंड्यातलं मात्र कुणी चाखायचं नाही. पहिलं पान देवापुढे जातं. त्याआधी पळी तोंडाला लावली तर सगळंच उष्टं. तेव्हा सगळ्या पंगतीचं तोंड एका जिभेवर. ती जीभ शेसक्काची, आणि तिच्याआधी तिच्या आईची.

ती अंगणात फणसाखाली पाट घेऊन बसली. गुडघे कुरकुरले. शैला, वाडीतली सगळ्यात धाकटी सून, विळीवर चकत्या कापून तिच्या हातावर ठेवायला लागली. शेसक्का चकती चावायची, बाजूला थुंकायची आणि एकच शब्द बोलायची. ‘घाल.’ ‘घाल.’ ‘घाल.’

जिभेवर काहीच नव्हतं, नुसता ओलावा. पण डोकं शाबूत होतं. कुणाचा वाफा तळ्यापासून लांब, कुणाच्या घरी पाणी घालायला माणूस कमी, कुणाच्या वेलाने ऊन जास्त खाल्लं, हे तिला पाठ होतं. तहानलेला वेल कडू काकडी देतो. त्या हिशेबाने ती बोलत होती. आणि अधूनमधून एखादी ‘फेक’ म्हणायला हवी, नाहीतर कुणालाही शंका येईल. म्हणायचीच तर जलजाची का म्हणू नये?

जलजा तिच्याच वयाची. दोघी तळ्याच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात भांडत आल्या होत्या, आणि पावसाळ्यात भांडायला काही नसलं की दोघींना करमायचं नाही.

“शेसी,” जलजा मंदिराच्या खांबाजवळून म्हणाली, “ती फेकलीस ती माझ्या वाफ्यातली.”

“म्हणूनच फेकली.”

बायका हसल्या. चुलीपाशी दूमण्णा हंडा सांभाळत होता, त्याने ओरडून सांगितलं, “अक्का, आवरा! नारळ वाटून तयार आहे, लसूण सोलून तयार आहे. तुमच्या एका जिभेवाचून सगळं अडलंय.”

“अडू दे थोडं. तुझं लग्न माझ्याविना अडलं नाही, त्याचं काय झालं बघतोयस ना?”

पुन्हा हसू. जलजा मात्र हसली नाही. तिने उठून फेकलेली काकडी उचलली, पदराला पुसली आणि देठाजवळून चावली. सावकाश चघळली. मग शेसक्काकडे बघत राहिली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. जलजा बोलली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली, त्याची शेसक्काला धास्ती वाटली. तिने पुढच्या सगळ्या चकत्यांना ‘घाल’ म्हटलं. कंटाळा आला होता. कधी एकदा हे संपतं आणि पाठ टेकते, असं झालं होतं.

काकड्या शिजल्या, वाटण पडलं, लसणाची फोडणी चरचरली. कोद्देलचा, त्या नारळ-लसणाच्या काकडीच्या आमटीचा, वास अंगणभर सुटला म्हणे. शेसक्काला वासही तसा अर्धाच यायचा. देवापुढे पान ठेवून झालं, आणि केळीची पानं अंथरून पंगत बसली. उकड्या तांदळाचा भात, कोद्देल, आंब्याचं लोणचं, ताक.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. आणि पंगत गप्प झाली.

भुकेजलेली माणसं गप्प जेवतात, असं शेसक्काला वाटलं. पण एरवी याच घासाला सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या, कुणीतरी ‘शेसक्का, गोड गं!’ म्हणायचं आणि ती ‘गोड नसायला काय झालं’ म्हणायची. आज ती जागा रिकामी राहिली. ती भरायला हवी म्हणून तिने आवाज चढवला.

“दूमण्णा, वाढ रे आणखी! या खेपेला जमलंय तुला.”

दूमण्णा पळी धरून तिच्याकडे बघतच राहिला. “वाढू?”

“विचारतोस काय? हंडा घरी न्यायचाय का?”

त्याने वाढलं. शेसक्काने भातात कालवलं आणि भरभर खाल्लं, बोटं चाटली. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. मग शैला घाईघाईने म्हणाली, “हो ना, छानच झालंय.” तिच्या पलीकडची म्हणाली, “छान.” मग ओळीने सगळ्या पंगतीतून ‘छान, छान’ आलं, भजनात टाळ यावेत तसं. शेसक्काने आणखी एक घास घेतला.

“अम्मा, पुरे,” हरिणाक्षी खालच्या आवाजात म्हणाली.

“का पुरे? वर्षातून एकदा तर—”

“अम्मा.”

शेसक्काने लेकीच्या पानाकडे बघितलं. भात ताकाशी खाल्लेला, लोणचं संपलेलं, आणि काकडीच्या फोडी पानाच्या कडेला सारलेल्या. तिने पलीकडच्या पानाकडे बघितलं. तिथेही फोडी कडेला. त्यापुढचं पान, त्यापुढचं. सगळ्या पंगतीभर पानांच्या कडेला पिवळट फोडींची रांग लागली होती. एकच पान चाटूनपुसून लख्ख होतं.

तिचं.

हातात घास होता. पानात टाकायची तिला सवय नव्हती. तिने तो खाल्ला, उरलेलाही खाल्ला. ती उठेपर्यंत कुणी उठलं नाही.

मग बियाचं काम. तेही तिचंच. वेलावरच पिकू दिलेल्या मोठ्या काकड्यांतली खात्रीची गोड निवडायची. तिचं बी राख-शेणात मळून घरोघर वाटायचं. ज्याने त्याने ते भिंतीला थापायचं आणि वाफे घालायच्या वेळी खरवडून घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या ही काकडी अशी भिंतीवरून शेतात आणि शेतातून भिंतीवर येत राहिली होती.

शैलाने सोनेरी पिकलेली काकडी कापली, चकती दोन्ही हातांनी धरून पुढे केली. “चाखा, शेसज्जी.”

सगळे बसले होते. हरिणाक्षीने मान खाली घातली होती. आजवर तिच्यासमोर नाक उडवणाऱ्या बायका आज देवळात बसल्यासारख्या हात जुळवून बसल्या होत्या, आणि तेच शेसक्काला टोचलं. माणसं आपल्याशी इतकी चांगली वागायला लागली, म्हणजे आपल्याला मोडीत काढलं म्हणायचं.

आता ती म्हणेल ‘गोड’, आणि सगळे म्हणतील ‘गोड’. पानात बी बांधून घेतील, पाया पडतील. वळणावर गेलं की ते पान कुंपणात जाईल आणि पुढच्या हंगामाला बाजारातून पाकीट येईल, वर काकडीचं चित्र असलेलं. शैला मागेच म्हणाली होती, पाकिटातली कडू निघत नाही म्हणे. हे सगळं कुणी वाईटपणाने करणार नव्हतं. म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवा, म्हणून करणार होतं. आणि आईच्या भिंतीवरचं बी तेवढ्या चांगुलपणात संपणार होतं.

एक शब्द बोलला की सुटका. घरी जाऊन चटईवर पडता आलं असतं. तिला खरंच फार थकवा आला होता.

तिने चकती पाटावर ठेवली.

“कडू होतं ना?”

बायका आपापले पदर चाचपायला लागल्या.

“अरे, बोला की! दातखीळ बसली?”

“तसं… जरासं, अक्का,” दूमण्णा पळीशी बोलल्यासारखा बोलला.

“जरासं?” खांबाजवळून जलजा म्हणाली. “डुकराने तोंड लावलं नसतं!”

कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंडावर हात धरला. शेसक्काने सुस्कारा सोडला. इतक्या जणांत एक तरी जिवंत निघाली.

“माझी जीभ मेली आहे,” ती म्हणाली. “पावसाळ्यातल्या तापापासून. मीठ कळत नाही, मिरची कळत नाही. झालं?”

हरिणाक्षीने मान वर केली. “पावसाळ्यापासून? आणि मला रोज नारळ जून, मीठ कमी—”

“तुझं मीठ कमीच असतं. त्याला जीभ कशाला लागते?”

“आणि तू गं?” शेसक्का जलजाकडे वळली. “माझ्या हातची चांगली काकडी फुकट गेली, तेव्हाच कळलं होतं तुला. बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. म्हटलं, बघू बाई किती रेटते.”

“रेटलं. आता नाही रेटवत.” शेसक्काने पाट मागे सरकवला, फणसाला पाठ टेकली. “बघता काय माझ्याकडे? तोंडं आहेत ना प्रत्येकाला? इतकी वर्षं माझ्यामागे चालवलीत, आता काकडीवर चालवा.”

मग शैलाने पाटावरची चकती उचलली, दाताने तुकडा तोडला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “ही नको. मागून कडवट लागते.”

“कडवट नाही, देठ आहे तो,” दूमण्णा म्हणाला.

“देठ तुझ्या डोक्यात! दे इकडे,” तिसरीच एक म्हणाली.

बघता बघता कालवा झाला. चकत्या या हातातून त्या हातात गेल्या, बायका चाखून थुंकू लागल्या, एकीला गोड तर दुसरीला आंबट. जो तो स्वतःच्या जिभेची बाजू घेऊन भांडायला लागला. शेसक्काला कुणी काही विचारलं नाही. बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. तसलं काही वाटलं नाही. गुडघे दुखत होते, तेवढे दुखतच राहिले.

जलजा येऊन शेजारी टेकली. तिच्या हातात चकती होती. “घे.”

“मला देऊन काय उपयोग?”

“घे गं. सगळ्यांनी चाखली, बियाला ही ठरलीय.”

शेसक्काने चावली. ओली, करकरीत. बाकी काही नाही. “सांग, कशी आहे?”

“गोड,” जलजा म्हणाली.

“नीट सांग. एकेक शब्द तर मीही सकाळपासून सांगत होते.”

जलजाने स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिचकावत विचार केला. तिला असलं बोलायची सवय नव्हती. “नव्या घागरीतलं पाणी असतं ना, मातीचा वास लागलेलं. आधी तसं. मग जराशी आंबट, तीही सरताना. देठाशी कडू नाही, पोटात नाही. बियांशी गोड आहे.”

शेसक्का घागरीतलं पाणी आठवायला लागली. काहीतरी होतं, फार लांब. नक्की सांगता आलं नसतं.

“कुणाच्या वाफ्यातली?”

“माझ्या.”

“वाटलंच मला.”

“खोटं नाही सांगत, शेसी.”

“सांगितलं असशील तर पुढच्या पग्गूत कळेलच.”

“तोवर जगलीस तर.”

“तुझी काकडी कडू निघालेली बघायला जगेन की.”

हरिणाक्षी राखेने माखलेल्या हातांनी आली. पानात मळलेलं बी होतं. “अम्मा, चल. उन्हं उतरली. कुठल्या भिंतीला थापू?”

“चुलीमागच्या. आणि दाबून थाप, विड्या वळल्यासारखं करू नकोस,” शेसक्का म्हणाली. लेकीने हात पुढे केला, तो तिने धरला आणि उठली. तोंडातली चकती अजून तशीच होती. थुंकायला मान वळवली, आणि मग वळवलेली मान तशीच परत आणून ती गिळून टाकली.