रेघेच्या वर चढलेलं तीर्थ

त्या रविवारी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीला सुट्टी, त्यामुळे झाडून सगळे बाप्ये हजर. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर बायका ओळीने वाकलेल्या. आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला जे टेबल मांडतात, त्याच टेबलावर घोंगडी टाकून अक्षयनाथ महाराज विराजमान झालेले.

महाराजांनी झोळीतून एक बाटली काढली. तिचं बूच मेणाने लिंपलेलं होतं. मेण खरवडून त्यांनी पितळी वाटीत पांढरी पूड ओतली आणि बूच लगेच पुन्हा लावून टाकलं.

"हे शिवाचं भस्म. हवा लागली की शक्ती उडते." मग एका पुरचुंडीतून पांढरे दाणे. "ही शक्तीची साखर. तात्या, हात लावून सांगा. ओलं आहे काय?"

तात्या म्हणजे आमच्या चाळीतले वडीलधारे, गिरणीत जॉबर, कामगारांवरचे मुकादम. त्यांनी चिमटीत घेऊन पाहिलं. "कोरडं ठणठणीत आहे, महाराज."

वाटी धुपाटण्यावर गेली. महाराज बेलाच्या काडीने ढवळत राहिले, ओठ पुटपुटत राहिले. थोड्या वेळाने वाटी कलंडवून दाखवली, तर आत काचेसारखं नितळ पातळ. गॅलऱ्यांवरच्या बायका आणखी पुढे वाकल्या. महाराजांनी पेटती वात त्यात बुडवली, ती चर्र करून विझली.

"अग्नी शरण आला," महाराज म्हणाले. "गंगा आटेल, हे तीर्थ आटायचं नाही. उलट वाढेल. ज्याच्या घरी श्रद्धा, त्याच्या घरी वाढ. आणि चाळीतली प्रत्येक वाटी ज्या दिवशी काठाला लागेल, त्या दिवशी मुंबई महाराष्ट्राची."

"झालाच पाहिजे," चौक गरजला. कुणी विचारेल, पूड पातळ होण्याचा आणि मुंबईचा संबंध काय? विचारण्याची सोयच नव्हती. शंका काढणारा दिल्लीचा माणूस ठरत होता.

मी मात्र कोपऱ्यात उभा राहून चरफडत होतो. मी राजाराम, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर, पोरांना शास्त्र शिकवतो. बूच लावायची एवढी घाई करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. शिव काय बाटलीतून पळून जाणार होता?

घरोघरी काचेच्या वाट्या गेल्या. प्रत्येक वाटीवर शेंदराची रेघ, रेघेपर्यंत तीर्थ. रोज सकाळी एक थेंब जिभेवर, आणि दर रविवारी वाट्या चौकात आणून तपासणी. पुढच्या इमारतीतल्यांना महाराज वाटी हातात देत. मागच्या इमारतीतल्या आम्हा लोकांसाठी जमिनीवर ठेवत, आम्ही उचलायची. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला आम्हाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. देव सोडले होते, हे वाकणं मात्र अजून चुकलं नव्हतं. माझ्या घरी वाटी येणार नाही, असं मी तिथेच जाहीर केलं आणि तरातरा निघून गेलो.

वाटी आली होती. मला ते कळलं बऱ्याच दिवसांनी, आणि तेही नर्स ॲन्टोनेटमुळे.

ॲन्टोनेट भायखळ्याच्या एका दवाखान्यात होती. माझी धाकटी बहीण बकुळा गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिला क्षय झाला होता. तिला इंजेक्शनं ॲन्टोनेटच द्यायची. एके दिवशी ती शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली.

"राजाराम, तुझी बहीण दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जाते काय?"

"नाही. का?"

"मग ती इंजेक्शन घेत नाही. दोन हप्ते झाले, आली नाही. मध्ये सोडलं तर रोग चिवट होतो, ठाऊक आहे ना तुला? मग तेच औषध लागू पडत नाही."

मी शाळा तशीच टाकली. घरी येऊन पाहतो तर बकुळा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई चुलीपाशी. मी आवाज चढवला तेव्हा आईने चुलीच्या मागच्या फळीवर हात घातला आणि डब्यांच्या आडून वाटी काढली.

"आरं, बुद्धाच्या फोटोपाशी ठेवली असती तर तू फोडली असतीस. म्हून हितं दडवली."

वाटीतलं तीर्थ रेघेवरच होतं. तसूभरही वर नाही.

आई पदर तोंडाला लावून सांगू लागली. "समद्यांच्या वाट्या चढल्या. नळापाशल्या दत्तारामाची तर बोटभर. आपलीच न्हाय चढली. म्हाराज म्हणले, ही पोर चोरून सुई टोचून घेते, सुई आन् तीर्थ एका अंगात नांदत न्हाईत. बायका माझ्याकडं असं बघाय लागल्या, जसं काय मीच सगळ्यांची मुंबई घालवली. मग केली बंद सुई."

"आणि तरीही चढली नाही."

"न्हाय चढली."

बकुळा भिंतीकडे बघतच म्हणाली, "दादा, माझ्याच मनात खोट आहे. थेंब जिभेवर घेताना मला वाटायचं, हे खरं नसेल. म्हणून चढत नाही."

मला महाराजाचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो बकुळाच्या या बोलण्याचा. क्षय झालेली पोर, तिच्या डोक्यावर आता स्वतःच्या शंकेचं पाप. मी तिला म्हटलं, "उद्या इंजेक्शनला चल." ती म्हणाली, "वाटी चढू दे आधी. नाहीतर दोन्हीकडून जाईन मी." किती समजावलं तरी ऐकेना.

मी वाटीतलं थोडं तीर्थ बाटलीत भरलं आणि ॲन्टोनेटबरोबर तिच्या खोताच्या वाडीतल्या घरी गेलो. तिचा भाऊ गॅब्रिएल एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. त्याने वास घेतला, बोटावर चोळलं, आणि बाटली कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नेतो म्हणाला.

दोनतीन दिवसांनी त्याने मला बोलावलं. "मीठ आहे रे हे," तो म्हणाला.

"मिठाचं पाणी?"

"नाही. मीठच, पातळ झालेलं. पाणी घातलेलंच नाही. हे बघ, आपल्या जेवणातलं मीठ वितळवायला भट्टी लागते, कारण त्याचे कण विजेचे भार घेऊन एकमेकांना घट्ट धरून बसतात. सारख्या विटांची भिंत कशी पक्की बसते, तसे. पण एक वीट आणि एक फणस असं रचायला गेलास तर?"

"रचणार नाही. घसरणार."

"तशी काही मिठं असतात. कण मोठे, वेडेवाकडे. त्यांतली काही एकटीच खोलीतल्या हवेत पातळ राहतात, पहिल्या महायुद्धाच्या वेळेपासून पुस्तकात आहे हे. तुझ्या महाराजाच्या मिठाला जोडीदार लागतो. तो जोडीदार म्हणजे युरिया, शेताला घालतात ते खत. तो मध्ये घुसला की कणांची पकड सुटते. जरा ऊब दिली की काम लवकर होतं."

"म्हणजे धुपाटणं."

"बरोबर. तुझी आई अमृतधारा करते ना? पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, कापूर. तिन्ही कोरडे, एका बाटलीत घातले की पातळ. तिथे मिठाचा संबंध नाही, पण गंमत तीच. फरक असा की अमृतधारा उघडी राहिली तर उडून जाते. हे उडत नाही. वाफ नाही, वास नाही, पेट घेत नाही, आणि वीज वाहून नेतं. मी तारा बुडवल्या तर मीटरचा काटा हलला. अमेरिकेत असल्याच जातीच्या द्रवातून ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून बघितलाय. कामाची चीज आहे, राजा. लबाडाच्या हातात पडली एवढंच."

"आणि मीठ कुठलं?"

गॅब्रिएल हसायला लागला. "कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते. परदेशातून डब्यांत येतं. माणसालाही थेंबाने काही व्हायचं नाही. पण बरंही काही व्हायचं नाही."

"मग ते वाढतं कसं?"

"हवेतलं पाणी पितं. मी अर्धं घट्ट झाकून ठेवलं, अर्धं उघडं. झाकलेलं जागचं हललं नाही. उघडं वाढलं, आणि आमच्या घरी तर क्रूस टांगलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दत्तारामाची खोली सार्वजनिक नळाला लागून, भिंती कायम ओल्या, म्हणून त्याची श्रद्धा बोटभर. आमची वाटी चुलीच्या धगीला, पाणी आलं तरी उडून जाणार. आईने माझ्या भीतीने वाटी दडवली, म्हणून ती चढली नाही. ती चढली नाही, म्हणून बकुळाची सुई बंद झाली.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मी तात्यांकडे गेलो आणि म्हणालो, "मलाही एक वाटी द्या. आईची चढत नाही, माझ्या श्रद्धेने चढते का बघू." तात्यांनी आनंदाने मला मिठी मारली. मला त्यांची कीव आली, कारण तात्यांचा भाचा छप्पनच्या गोळीबारात गेला होता. मुंबई मिळाली नाही तर पोर फुकट गेलं, हा एकच विचार त्यांना खात होता.

पुढच्या रविवारी पुन्हा गर्दी, पुन्हा घोंगडी. वाट्यांची रांग लागली. महाराज एकेक वाटी डोळ्यांसमोर धरून निकाल देत होते. हा भक्त, हा अर्धा भक्त, ह्याच्या घरात कुणीतरी शंकेखोर. माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होती. आमची वाटी पाहून महाराजांनी नुसतीच मान हलवली, आणि आईने खाली पाहिलं.

शेवटी मी माझी वाटी पुढे केली. ती जवळजवळ काठाला टेकली होती. सगळ्या चाळीत तिच्याइतकी उंच दुसरी नव्हती.

महाराजांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "बघा. ह्याला म्हणतात श्रद्धा. जिथे ही वाटी राहिली ते स्थान पवित्र. तिथे माथा टेका सगळे. कुठे ठेवली होतीस, बाळ?"

"मागच्या इमारतीच्या संडासात," मी म्हणालो. "नळाच्या वरच्या कोनाड्यात. आठवडाभर."

आधी कुणाला कळलंच नाही. मग वरच्या गॅलरीतून कालिंदी, दत्तारामाची बायको, फिस्सकन हसली, आणि ते हसू जिन्यावरून खाली उतरत आलं. महाराजांनी वाटी निखारा असल्यासारखी खाली ठेवली आणि कपाळ पुसायला लागले.

"ही विटंबना आहे. हा दिल्लीचा माणूस आहे."

"असेन. पण पाणी दिल्लीचं नाही, चाळीतलंच आहे. जिथे ओल तिथे वाढ. आमच्या वाटीमागे चूल आहे, म्हणून ती कोरडी. तात्या, तुम्ही शहाणे आहात. गिरणीत सुताच्या खात्यात वाफ का सोडतात?"

तात्या हळूच म्हणाले, "सूत हवेतलं पाणी पितं. मग तुटत नाही."

"हेही पितं. म्हणून बाटलीचं बूच मेणाने बंद, नाहीतर पूड आतच ओली व्हायची. आता झोळी बघा."

तात्यांनी महाराजांची झोळी पुढे ओढली. मग त्यांनीच ती उघडली. आतून एक डबा निघाला, त्यावर झोकदार तुऱ्याच्या कोंबड्याचं चित्र. सोबत खताची पिशवी. मी त्यातलं चिमूटभर हे आणि चिमूटभर ते रिकाम्या पितळी वाटीत टाकून ती आईच्या हातात दिली. मंत्र नाही, काही नाही. आईने ती धुपाटण्यावर धरून चमच्याने ढवळली, आणि पूड पातळ झाली.

"अमृतधारेवानी," आई म्हणाली.

महाराज कधी निसटले ते कुणी पाहिलं नाही. तात्या टेबलाच्या कडेला बसले होते. "मास्तर, मग आमच्या पोराचं काय?" मी त्यांच्या शेजारी बसलो. मी एवढंच म्हणालो, "तो वाटीसाठी गेला नाही, तात्या. मुंबई मिळवायची तर पुढच्या मोर्च्याला चला." ते डोळे पुसत उठले.

बकुळा सगळं गॅलरीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर भायखळ्याला आली. ॲन्टोनेटने तपासणी करवली. फुप्फुसावरचा डाग वाढला होता, औषध पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं, आणि आता ते लागू पडेलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. ती आज आहे, काठीसारखी बारीक, पण आहे. गिरणीत मात्र पुन्हा जाऊ शकली नाही. तेवढं त्या वाटीने नेलं.

सुई टोचून घेताना तिने विचारलं होतं, "दादा, म्हणजे माझ्या मनात खोट नव्हती?"

"तुझ्याच मनात नव्हती," मी म्हणालो. "शंका आली ना तुला? चाळीत तेवढी एकच गोष्ट धड होती."

वाचकहो, तो माणूस आणखी कुठल्या चाळीत बूच उघडत असेल. तुमच्या दारी असली वाटी आली तर मला विचारायला येऊ नका, भांडूही नका. तिच्यावर घट्ट झाकण ठेवा आणि चार दिवस बघा. आणि तोवर घरातल्या आजारी माणसाचं औषध चुकवू नका.